पक्ष्यांशी माणसांची ओळख करून देणारे डॉ. सलीम अली

आपले बिदर आणि कलबुर्गी हे जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजोबा-पणजोबांचे जमिनीचे कागद अजून त्या राज्याच्या नावाने आणि उर्दू शिक्क्यांनी सापडतात. त्याच राज्यात १९३१-३२ साली, निजामाच्या अमदानीत, मुंबईचा एक बेकार तरुण दुर्बीण, बंदूक आणि वही घेऊन फिरत होता. त्याला जमीन मोजायची नव्हती की सारा वसूल करायचा नव्हता. या मुलखात कोणते पक्षी राहतात, कुठे घरटी बांधतात, काय खातात आणि कोणत्या महिन्यात येऊन कधी परत जातात, एवढेच त्याला लिहून काढायचे होते. त्याबद्दल पगारही मिळत नव्हता, फक्त प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च.

तो तरुण म्हणजे पुढे साऱ्या जगाला माहीत झालेले पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली. त्यांना जाऊन आता जवळजवळ चार दशके झाली. त्यांचे नाव निघाले की पद्मविभूषण, राज्यसभा, जाडजूड ग्रंथ हे सारे आठवते. पण या स्मरणिकेसाठी त्यांची कहाणी निवडली ती वेगळ्या कारणाने. पक्षी वाचवायचे ते सरकारी हुकमाने की गावाच्या संमतीने, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा उभा राहिला. काही वेळा त्याचे उत्तर त्यांना अचूक सापडले, एका मोठ्या प्रसंगी मात्र ते चुकले. दोन्हींतून आपल्याला घेण्यासारखे पुष्कळ आहे.

खेतवाडीतला पोरका मुलगा

सलीम मोईजुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते शेंडेफळ. वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई. या पोरक्या भावंडांना मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी पोटच्या मुलांसारखे वाढवले. त्यांना स्वतःचे मूलबाळ नव्हते. गिरगावाजवळच्या खेतवाडीतले ते घर माणसांनी भरलेले असे आणि देशाच्या राजकारणात वावरणारी तय्यबजी मंडळी तिथे येत-जात.

मामांना शिकारीचा नाद. त्या काळी सुखवस्तू घरांत त्यात कुणाला गैर वाटत नसे. दहा-बारा वर्षांच्या सलीमच्या हाती छऱ्यांची बंदूक आली आणि चिमण्या टिपणे हा त्याचा खेळ झाला. एकदा अशीच एक चिमणी पडली. उचलून पाहतो तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका. नेहमीच्या घरचिमणीला असा ठिपका नसतो, मग ही कोण? मामांनाही सांगता येईना. त्यांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या कचेरीत पाठवले. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे सचिव तेव्हा मिलर्ड नावाचे इंग्रज गृहस्थ होते.

मिलर्डसाहेबांनी मुलाला हाकलून लावले नाही. आपण ज्या पक्ष्याला रानचिमणी म्हणतो तोच हा पक्षी आहे, हे त्यांनी समजावून सांगितले. मग कपाटांचे खण उघडून देशभरातून जमवलेले पेंढा भरलेले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तके दिली आणि पक्ष्याची कातडी कशी टिकवायची हेही शिकवण्याची व्यवस्था केली. एका मोठ्या माणसाने एका लहान मुलाच्या प्रश्नाला दिलेला हा अर्धा-एक तास. पुढे भारतात पक्षिशास्त्राचे जे काही उभे राहिले त्याचा पाया तिथे घातला गेला. निसर्गशिक्षण कशाला म्हणतात याचे याहून साधे उदाहरण सापडायचे नाही.

पदवी नाही, नोकरी नाही

शाळा-कॉलेजात सलीमचे फारसे जमले नाही. सेंट झेवियर्स कॉलेजातले पहिले वर्षच जड गेले आणि घरच्यांनी त्याला ब्रह्मदेशात तव्हॉय इथे पाठवले. तिथे कुटुंबाचा खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता. धंद्यापेक्षा भोवतालच्या रानातल्या पाखरांकडेच लक्ष जास्त. १९१७ मध्ये परत आल्यावर व्यापारी शिक्षणाबरोबर सेंट झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्या प्रोत्साहनाने प्राणिशास्त्राचे धडे घेतले. डिसेंबर १९१८ मध्ये तहमीना यांच्याशी विवाह झाला. ब्रह्मदेशातला धंदा पुढे बुडाला आणि हे जोडपे मुंबईस परतले.

१९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये निसर्ग विभागात मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून त्यांना ३५० रुपये पगारावर नोकरी मिळाली. शाळेची मुले आणि इतर लोक म्युझियम पाहायला येत, त्यांना काचेआडचे प्राणी-पक्षी समजावून सांगायचे, हे काम. लोकांना शिकवण्याची त्यांची पहिली उमेदवारी इथे झाली. पण आपले शास्त्रीय ज्ञान अपुरे आहे हे त्यांना जाणवत होते. म्हणून १९२८ मध्ये रजा घेऊन ते जर्मनीत बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एर्विन श्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकायला गेले. श्ट्रेझमान यांना ते जन्मभर गुरू मानत.

१९३० मध्ये परत येऊन पाहतात तो पैशाच्या तंगीमुळे त्यांची जागाच रद्द झालेली. विद्यापीठाची पदवी नसल्याने दुसरी सरकारी जागाही मिळेना. खर्च कमी करायचा म्हणून दोघे अलिबागजवळ किहीमला समुद्रकाठच्या छोट्या घरात राहायला गेले. घराजवळ झाडावर सुगरणींची वसाहत होती. रिकामपण हाताशी होतेच. पावसाळ्याचे ते महिने शिडी लावून, आडोशाला बसून त्यांनी या पक्ष्यांचा संसार पाहिला.

त्यातून जे निघाले ते गमतीचे होते. सुगरण हे नाव बाईचे, पण घरटे विणतो तो नर. अर्धे घरटे झाले की माद्या येऊन पाहणी करतात. एखादीला पसंत पडले की ती आत राहायला येते आणि नर उरलेले काम पुरे करतो. ती अंड्यांवर बसली की हा गडी शेजारी दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. सोसायटीच्या नियतकालिकात हा निबंध आला आणि देशोदेशीच्या अभ्यासकांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. याआधी बहुतेक पक्षितज्ज्ञ मेलेले पक्षी मोजून-मापून नावे ठेवत. सलीम अलींनी जिवंत पक्ष्याच्या दारात बसून त्याचे वागणे टिपले.

निजामाच्या राज्यात

किहीमनंतर पुढे काय, हा प्रश्न होताच. तेव्हा त्यांना एक युक्ती सुचली. हिंदुस्थानातल्या कितीतरी संस्थानांत पक्ष्यांची नीट पाहणीच झालेली नव्हती. संस्थानाने फक्त प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च द्यावा, पगार न घेता आपण काम करू, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. ह्यू व्हिसलर हे जाणकार इंग्रज अधिकारी त्यांच्या पाठीशी होते. शेजारच्या पूर्व घाटात पाहणी झाली होती, पण दख्खनच्या मधोमध पसरलेले हैदराबाद संस्थान कोरेच होते. निजाम सरकारने होकार दिला आणि सलीम अलींची पहिली मोठी पाहणी आपल्या जुन्या राज्यात सुरू झाली.

त्या राज्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पूर्वेला गोदावरीकाठची सागाची जंगले, दक्षिणेला कृष्णेपलीकडे दिसणारी नल्लमलाची डोंगररांग, वायव्येला मराठवाड्याची पाच जिल्ह्यांची काळी माती आणि पश्चिमेला आपले बिदर, गुलबर्गा, रायचूर. भाषा तीन-चार, पण आकाश एकच. पाखरांना तेलंगण, मराठवाडा आणि कर्नाटक यांतला फरक कळत नव्हता. तहमीना मुक्कामांवर सोबत असत. विलायतेत शिकलेली ही बाई तंबूतल्या जगण्यात रमून जाई आणि नवऱ्याच्या लिखाणावरून हात फिरवून त्याची भाषा सोपी व नेटकी करी. या पाहणीचा अहवाल १९३३-३४ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात क्रमाने छापला गेला. त्यानंतर त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ, म्हैसूर अशी एकेक संस्थाने त्यांनी पायाखाली घातली.

अशा पाहणीत खरी मदत लागते ती गावकऱ्यांची. कोणत्या तळ्यावर बदके उतरतात, कोणत्या कड्यावर गिधाडे बसतात, हे बाहेरून आलेल्या साहेबाला काय माहीत? ते गुराख्याला, कोळ्याला आणि पारध्याला माहीत असते. गावोगाव विचारत जाणे, सांगितलेले ताडून पाहणे आणि डोळ्यांनी पाहिल्यावरच लिहिणे, ही शिस्त त्यांनी नव्वदीपर्यंत सोडली नाही. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांनी नमुन्यासाठी पक्षी मारलेही. त्याचा त्यांनी कधी बडेजाव केला नाही आणि ते लपवलेही नाही.

जुलै १९३९ मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर तहमीना अचानक वारल्या. सलीम अली पार खचले. त्यानंतर मुंबईत बहीण कामू आणि मेहुणे हसन अली यांनी त्यांना आपल्या घरी नेले आणि त्यांचा बाकीचा जन्म त्या आधारावर गेला. दुःखावर त्यांना एकच औषध ठाऊक होते, ते म्हणजे काम. त्याच वर्षी ते म्हैसूर संस्थानच्या पाहणीला निघाले. श्रीरंगपट्टणजवळ कावेरीतल्या बेटांवर शेकडो पक्षी घरटी करतात हे पाहून त्यांनी म्हैसूरच्या राजघराण्याला ती जागा राखण्याची विनंती केली. १९४० साली रंगनतिट्टू पक्षिधाम झाले. आपल्यापैकी कितीतरी जण म्हैसूरच्या सहलीत तिथल्या नावेत बसून आले असतील.

बुलबुलाएवढा की कावळ्याएवढा?

१९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे छोटे इंग्रजी पुस्तक सोसायटीने प्रसिद्ध केले. आधीचे ग्रंथ महाग, जाड आणि तज्ज्ञांसाठी होते. हे पुस्तक शाळामास्तर, रेल्वेचा बाबू, कॉलेजचा विद्यार्थी यांच्यासाठी होते. त्यात त्यांनी एक साधी युक्ती वापरली. पक्ष्याची लांबी आकड्यांत सांगून कुणाच्या डोळ्यांसमोर काही उभे राहत नाही. म्हणून चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा, घार हे सर्वांच्या ओळखीचे पक्षीच त्यांनी मापे ठरवली. नवा पक्षी साळुंकीपेक्षा थोडा मोठा की बुलबुलाएवढा, एवढे पाहिले की निम्मी ओळख झाली. या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. पंडित नेहरूंनी तुरुंगातून ते इंदिराजींना पाठवले आणि त्यातून इंदिराजींना पक्ष्यांचा नाद लागला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्या ओळखीचा उपयोग पुढे अनेक रानांना झाला.

स्वातंत्र्यानंतर सोसायटीची आर्थिक स्थिती बेताची झाली तेव्हा सलीम अलींनी दिल्लीपर्यंत जाऊन सरकारी मदत मिळवली आणि संस्था जगवली. आपल्या नात्यातल्या लईक फतेहअली यांच्याबरोबर त्यांनी नॅशनल बुक ट्रस्टसाठी नेहमीच्या पक्ष्यांवर स्वस्त पुस्तक लिहिले. लईकताईंचे पती जफर फतेहअली यांनी पक्षिनिरीक्षकांसाठी एक साधे वार्तापत्र सुरू केले. त्यात कुणीही हौशी माणूस आपल्या अंगणातली नोंद पाठवू शकत असे. नोकरी सांभाळून सकाळी तळ्यावर जाणाऱ्या माणसाच्या वहीलाही शास्त्रात जागा आहे, हा विश्वास त्यातून पसरला.

आलेल्या पत्रांना उत्तर देण्याबद्दल ते काटेकोर होते. पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ हे त्यांचे स्नेही. धनंजयरावांच्या चौदा वर्षांच्या मुलाला एकदा एक वेडा राघू दिसला, पण त्याच्या शेपटीतली लांब काडीसारखी पिसे गायब होती. वडिलांच्या सांगण्यावरून मुलाने थेट सलीम अलींना पत्र लिहून विचारले. उत्तर आले की या दिवसांत त्याची जुनी पिसे गळून नवी येत असतात. तो मुलगा म्हणजे पुढे पर्यावरणशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेले माधव गाडगीळ. मिलर्डसाहेबांनी खेतवाडीच्या मुलाला जे दिले होते, ते त्याने अशा रीतीने पुढच्या पिढीला परत केले.

पायातली कडी आणि अनोळखी माणसे

१९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात माकडे पटापट मरू लागली आणि माणसांनाही तसाच ताप येऊ लागला. त्या रोगाचे सायबेरियातल्या एका तापाशी साम्य दिसले. उत्तरेकडून येणारे पक्षी आपल्या अंगावरच्या गोचिडांबरोबर हा रोग आणत असतील काय, असा संशय आला. जागतिक आरोग्य संघटनेने मदत दिली आणि सोसायटीने सलीम अलींच्या नेतृत्वाखाली हजारो पक्षी पकडून त्यांच्या पायात नंबर कोरलेली हलकी कडी अडकवून सोडायला सुरुवात केली. पक्ष्यांवरचा तो संशय काही सिद्ध झाला नाही, पण त्यातून पक्ष्यांच्या प्रवासाचे मोठे ज्ञान हाती आले.

हे ज्ञान कुणाच्या जिवावर मिळाले ते पाहण्यासारखे आहे. पक्षी जिवंत आणि इजा न होता पकडायचे तर शास्त्रज्ञांना ती कला येत नव्हती. ती येत होती बिहारमधल्या मीरशिकार जमातीच्या लोकांना. पिढ्यान्‌पिढ्या पाखरे धरून विकणारे हे लोक. त्यांतला अली हुसेन हा तर सोसायटीच्या कामात दंतकथाच झाला. जो हात पाखरे बाजारात नेत होता तोच हात पाखरांच्या अभ्यासाला लागला.

आणि कड्यांवर काय कोरलेले असे? नंबर आणि सापडल्यास मुंबईच्या सोसायटीला कळवावे अशी विनंती. कडी घातलेले बदक भरतपूरहून उडाले की ते हजारो किलोमीटरवर सोव्हिएत देशातल्या एखाद्या शिकाऱ्याच्या हाती पडे. त्या अनोळखी माणसाने ते कडे कागदात गुंडाळून पाठवले नसते, तर हा सारा खटाटोप व्यर्थ गेला असता.

भरतपूरचा धडा

राजस्थानातले भरतपूरचे केवलादेव घना हे सलीम अलींचे सर्वांत आवडते ठिकाण. पूर्वी ते महाराजांचे बदकांच्या शिकारीचे राखीव तळे होते. स्वातंत्र्यानंतर आसपासच्या शेतकऱ्यांनी मागणी केली की या तळ्याचे पाणी आणि जमीन आम्हाला शेतीसाठी द्या. मागणी गैर होती असे कोण म्हणेल? पण सलीम अलींनी नेहरूंपर्यंत जाऊन तळे वाचवले. १९५६ मध्ये ते पक्षी अभयारण्य झाले. दूर सायबेरियातून येणारे पांढरे क्रौंच इथे उतरत आणि ते पाहायला जगभरातून लोक येत.

पुढे राष्ट्रीय उद्यान करायचे ठरले तेव्हा गावकऱ्यांच्या म्हशींनी तळ्यात चरू नये अशी शिफारस झाली. म्हशींमुळे पक्ष्यांना त्रास होतो, असे तेव्हा बहुतेक तज्ज्ञांचे मत होते आणि सलीम अलींचेही तेच होते. १९८२ मध्ये चराई एकदम बंद झाली. पिढ्यान्‌पिढ्या तिथे गुरे चारणाऱ्या लोकांशी बोलून पर्याय काढला गेला नाही. संघर्ष पेटला, पोलिसांनी गोळीबार केला आणि काही गावकऱ्यांचे प्राण गेले.

म्हशी गेल्या. मग काय झाले? पाण्यात वाढणारे एक गवत भरमसाट माजले. मोकळे पाणी कमी झाले, बदकांना पोहायला आणि क्रौंचांना पाण्याखालचे कंद उकरायला जागा उरेना. ते गवत इतकी वर्षे म्हशीच खाऊन आटोक्यात ठेवत होत्या. हे दाखवून दिले ते सोसायटीच्याच शास्त्रज्ञांनी, वर्षानुवर्षे तिथे राहून केलेल्या अभ्यासातून. हा अभ्यास सलीम अलींच्या हयातीतच सुरू झाला होता आणि त्याचे अंतिम निष्कर्ष त्यांच्या निधनानंतर बाहेर आले.

थोर माणसाच्या चरित्रातून असा भाग वगळण्याची आपल्याकडे प्रथा आहे. पण तो वगळला तर या चरित्राचे सारच हरवते. पक्ष्यांविषयी त्यांना जेवढे ठाऊक होते तेवढे देशात कुणालाच नव्हते, तरी तळ्याविषयी गुराख्याला जे ठाऊक होते ते त्यांच्या हिशोबात आले नाही. त्यांचे मोठेपण असे की आपलेच मत खोडून काढील इतकी स्वतंत्र बुद्धीची संस्था त्यांनी घडवली होती. दुसरीकडे, त्याच सुमारास केरळात सायलेंट व्हॅलीचे रान धरणाखाली जाऊ नये म्हणून शिक्षक, कवी आणि केरळ शास्त्र साहित्य परिषदेचे कार्यकर्ते गावोगाव फिरत होते. सलीम अलींनीही त्या रानाच्या बाजूने आपला शब्द टाकला. तिथे लोक आणि तज्ज्ञ एका बाजूला होते, म्हणून ते रान टिकले आणि १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले.

अखेरची वर्षे

डिलन रिप्ले या अमेरिकन मित्राबरोबर त्यांनी भारत-पाकिस्तानच्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पुरा केला, तेव्हा त्यांचे वय ७८ होते. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती असे मान चालत आले. १९७६ च्या गेटी पारितोषिकाची रक्कम त्यांनी निसर्गसंरक्षणाच्या निधीला देऊन टाकली. राहणी साधी, वेळेचा काटा पक्का, स्वभाव थोडा तापट. मोटारसायकलचे वेड मात्र मोठे. १९५० मध्ये स्वीडनच्या पक्षिपरिषदेला जाताना त्यांनी आपली मोटारसायकल बरोबर नेली होती. १९८५ मध्ये आत्मचरित्र आले. त्याचे नावही त्या पहिल्या चिमणीवरूनच ठेवलेले. १९८७ मध्ये वयाच्या ९० व्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले.

एक इच्छा मात्र पुरी झाली नाही. माळढोक हा आपला राष्ट्रीय पक्षी व्हावा असे त्यांना फार वाटे. तो मान दिला तर लोकांचे लक्ष जाईल आणि हा नष्ट होत चाललेला पक्षी वाचेल, हा त्यांचा हिशोब. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. मोर आज गावोगावी ओरडताना ऐकू येतो. माळढोक मात्र साऱ्या देशात दीडशेच्या आसपास उरला आहे.

आपल्या माळावर, आपल्या तळ्यावर

हा माळढोक आपल्याला परका नाही. तो काळ्या रानातला, उघड्या माळावरचा पक्षी. कर्नाटकात काही भागांत कन्नडमध्ये त्याला एरेभूत, म्हणजे काळ्या मातीतले भूत म्हणतात. आपल्याहून दोन-अडीच तासांवर सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झाले. पण कागदावर त्याची हद्द सुमारे ८५०० चौरस किलोमीटर आखली गेली. गावेच्या गावे त्यात आली, जमिनीचे व्यवहार अडले आणि पक्ष्याचे नाव काढले तरी शेतकरी चिडू लागला. पुढे हद्द १२२२ चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणली गेली, पण तोवर लोकांचे मन दुरावले होते. आता नान्नजला माळढोक दिसला तर बातमी होते. भरतपूरचीच ही दुसरी आवृत्ती.

याच्या उलट चित्र पाहायचे तर मंड्या जिल्ह्यातल्या कोक्करेबेळ्ळूरला जावे. कोक्करे म्हणजे कन्नडमध्ये करकोचा. तिथे झोळीवाले पेलिकन आणि चित्रबलाक गावातच, घरांमागच्या चिंचेच्या झाडांवर घरटी करतात. पक्षी आले की लक्ष्मी आली, असे लोक मानतात. विष्ठेचे खत शेतात जाते. घरट्यातून पडलेली पिल्ले सांभाळायला गावच्या तरुणांनी हेज्जार्ले बळग नावाचे मंडळ काढले. हेज्जार्ले म्हणजे पेलिकन. ही गावाची रीत सरकारी फलक लागण्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे. गणपतीसाठी मंडळ काढता येते तसे पाखरांसाठीही काढता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

आपल्याकडे काय आहे? चिंचोळीच्या रानाला २०११ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्या रानात लंबाणी तांडे आहेत आणि तिथल्या पाखरांची खरी माहिती त्यांनाच आहे. जुन्या गुलबर्गा जिल्ह्यात, आता यादगीरमध्ये असलेले बोनाळचे तळे सुरपूरच्या नायक राजांच्या काळातले. तिथे हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात. बिदरला कारंजा जलाशय आहे, कलबुर्गीत शरणबसवेश्वराचे तळे आहे. आणि सर्वांत मोठे अभयारण्य म्हणजे आपली तुरीची शेते. शेंगा भरताना तुरीवर घाटेअळी पडते. शेतात काठ्यांचे पक्षीथांबे उभारले की कोतवाल, साळुंक्या, वेडे राघू त्यांवर येऊन बसतात आणि अळ्या, किडे वेचून खातात. त्याला पैसा पडत नाही. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो चाष, म्हणजे नीळकंठ, याच किड्यांवर जगतो आणि तोच कर्नाटकाचा राज्यपक्षी आहे. पक्षी शेतकऱ्याचा बिनपगारी गडी आहे, हे सलीम अली आयुष्यभर सांगत आले.

महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा मूळच्या सोलापूरच्या मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. एक मराठीत रान लिहिणारा, एक इंग्रजीत पक्षी लिहिणारा, आणि आपण सीमेवरची माणसे दोघांच्याही मधोमध. गणपतीबाप्पाला निरोप दिल्यावर दिवाळीपर्यंत मंडळाची मुले मोकळीच असतात. त्यांना एका रविवारी सकाळी तळ्यावर न्यावे, प्रत्येकाच्या हाती वही द्यावी आणि दिसेल तो पक्षी लिहायला सांगावा. नाव माहीत नसेल तर चिमणीएवढा की साळुंकीएवढा, एवढे लिहिले तरी पुरे. मराठी नाव आजीला विचारावे, कन्नड नाव शेजारच्या अण्णांना विचारावे, उर्दू नाव गल्लीतल्या चाचांना विचारावे. आणि एखाद्या पोराने न कळणारा प्रश्न विचारला, तर त्याला गप्प बसवू नये. खेतवाडीच्या मुलालाही कुणी गप्प बसवले नव्हते.